पाण्यात आहे तोवर

सबनीस मास्तर कुणाच्याही घरात शिरले की आधी पाणी बघायचे, मग माणसं. भवानीपूरच्या आमच्या गल्लीत रहिवाशांची डासनिर्मूलन समिती होती आणि दर रविवारी सकाळी मास्तर तिच्यातर्फे घरोघरचे हौद तपासायचे. पांढऱ्या वाडग्यात पाणी घेऊन उजेडात धरायचं आणि अळी वळवळली की हौद तिथल्या तिथे उपसायला लावायचा, घरचे कितीही कुरकुरले तरी. "उडाला की डास महापालिकेचा. पाण्यात आहे तोवर आपला," असं म्हणायचे.

मी बँकेतून बदली होऊन तिथे गेलेलो. मराठी माणूस म्हणून त्यांनी मला समितीत ओढलं आणि पहिल्याच आठवड्यात आमचाच हौद उपसायला लावला. आमची ही दिवसभर धुसफुसत होती. संध्याकाळी सबनीसकाकू डबाभर चिवडा घेऊन आल्या. "हे भांडून येतात, मागून मी गोड बोलून येते," म्हणाल्या.

त्या वर्षी दुर्गापूजेच्या तोंडावर आम्ही समितीचे अध्यक्ष चौधुरीबाबू यांच्या गच्चीवर गेलो. तिथे कमळांची मोठी कुंडं होती. पूजेला एकशे आठ कमळं लागतात, त्यातली काही बाबूंच्या घरची असत आणि त्याचा त्यांना भारी तोरा. मास्तरांनी वाडगं बुडवलं. अळ्याच अळ्या, पाण्याच्या वरच्या थराला आडव्या पडलेल्या. "मलेरियाच्या," मास्तर म्हणाले. मी वाकून नीट पाहिल्या.

बाबूंनी कुंडं उपसू दिली नाहीत. "मायेर फूल, मास्टरमशाय. देवीची फुलं आहेत," एवढंच म्हणाले.

मास्तरांनी ते बैठकीत काढलं. बाबूंनी शांतपणे विचारलं, "माझ्या घरी अळ्या? कुणी पाहिल्या?"

"हे होते की बरोबर." मास्तर माझ्याकडे वळले. "सांगा हो."

चौधुरीबाबू माझे घरमालक. मुलीला शाळेत प्रवेश मिळाला तोही त्यांच्याच शब्दावर. मी म्हणालो, "मला नीट दिसलं नाही."

मास्तरांचं वय झालं, असं कारण काढून समितीने त्यांना कामातून मोकळं केलं. वर त्यांचा सत्कारही केला. हार घालायला मलाच पुढे केलं आणि मी निर्लज्जासारखा घातला.

मास्तरांचं घर त्या गच्चीच्या अगदी मागे होतं. ऐन पूजेत काकूंना हुडहुडी भरून ताप आला. मलेरिया मेंदूत गेला, आणि दिवाळीच्या आधीच त्या गेल्या. कुठल्या पाण्यातला डास, हे कोण सांगणार? हाच आधार मी पुष्कळ दिवस धरून बसलो होतो.

भेटायला गेलो तेव्हा मास्तर खाटेवर एकटेच बसले होते. त्यांनी विचारलं, "आता तरी सांगा. दिसल्या होत्या ना?"

मी हो म्हणालो. ते ऐकायला त्या खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणीही नव्हतं.