रेखाची हाक

रेखा नवऱ्याला 'अहो' म्हणायची. साल दोन हजार चार, आम्ही अमेरिकेत ईडन प्रेरीला राहणाऱ्या मराठी बायका आपापल्या नवऱ्यांना खुशाल नावाने हाका मारायचो आणि ही नागपूरची फिजिओथेरपिस्ट आपली 'अहो, ऐकलंत का'. आम्ही तिला आजीबाई म्हणून भरपूर पिडलं. ती हसायची, सुधारायची मात्र नाही.

व्हिसापायी तिने लेक सुपीरियर या अफाट तळ्यातल्या ग्रेनहोल्म बेटावरच्या दवाखान्यात नोकरी धरली. दक्षिणेला बंदर, दवाखाना नि थोडी घरं. उत्तरेला मासेमारी करणाऱ्यांची वस्ती आणि शाळा. मधे पाइनचं दाट रान आणि तळ्याचा आत घुसलेला फाटा. हिवाळ्यात तो गोठला की बर्फावरूनच वाट. ती चुकू नये म्हणून कडेने ख्रिसमसची जुनी झाडं रोवत. तिचा नवरा कुमार त्याच वाटेने शाळेत कॉम्प्युटर शिकवायला चालत जायचा.

शेजारच्या इन्ग्रिड आजीने रेखाला आल्या आल्या बजावलं होतं की, धुक्यात काठावर कुणालाही हाक मारायची नाही. बर्फाखाली एक बाई राहते. तिला सगळे नुसतं 'खालची' म्हणत. काठावर ऐकलेली हाक ती उचलते आणि वाटेवरच्या माणसाला त्याच्या घरच्यांच्या आवाजात पातळ बर्फाकडे बोलावते. म्हणून तिथे हाकेऐवजी लोक भांडी वाजवतात, प्रत्येक घराचं वेगळं. रेखाने हे मला फोनवर खिदळत सांगितलं. मीही खिदळले.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी धुकं उतरलं आणि कुमार नेमका बर्फावर होता. रेखा काठावर धावली. दवाखान्यातला नवा डॉक्टर मदतीला म्हणून "कुमार! कुमार!" ओरडू लागला. इन्ग्रिडने त्याला दंडाला धरून गप्प केलं. रेखाने घरातून पितळी खलबत्ता आणला आणि रिकामाच कुटत बसली. रोज सकाळी ती त्यात चहाचं आलं कुटायची आणि झोपमोड झाली म्हणून कुमार कुरकुरायचा.

बऱ्याच वेळाने तो धुक्यातून बाहेर आला. "अहो!" ती किंचाळलीच.

तो पांढराफटक पडला होता. "रेखा, तिकडून तुझाच आवाज येत होता. सेम तुझा. 'कुमार, कुमार.' पण तू मला कधी नावाने बोलावतेस का? मी तिथेच फ्रीझ झालो. मग खलबत्ता ऐकला आणि उलटा फिरलो."

त्यानंतर तिला चिडवायची आमची हिंमत झाली नाही.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. नोकरी सोडली, लवकरच निघतोय, म्हणाली. बाहेर पुन्हा धुकं होतं आणि ती स्वयंपाकघरात दार लावून बसली होती. बोलता बोलता मला मागे कुमारचा आवाज ऐकू आला, "आलो, आलो."

"अहो, कुठे निघालात?" रेखाने बंद दाराआडून विचारलं.

"हा काय, बूट घालतोय. किती वेळा 'अहो, अहो' करशील? तळ्यावर काय करतेयस एवढ्या थंडीत?"

रेखा तर स्वयंपाकघरात माझ्याशी फोनवर बोलत होती. 'अहो' ही हाक त्या दिवशी धुक्यात काठावर तिनेच तर मारली होती.

बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला. फोन खाली आदळला आणि रेखा जीव खाऊन ओरडली, "कुमार! थांबा!"

त्याचं नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. पावलं थांबली.