वरातीची घोडी

मला नीट लिहिता येत नाही. घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. एकदाच भेटलेल्या माणसाविषयी मी लिहावं का, तेही कळत नाही. चुकलं तर माफ करा.

जोगेश्वरीच्या घोडेवाल्यांनी फौजेतल्या एका म्हाताऱ्या घोडेस्वाराच्या सत्काराला शर्यत ठेवली होती. शाल पांघरून ते माझ्या शेजारी बसले होते, पण नजर स्वतःच्या घोडीवर होती. "धावली तर माझा पोरगा तिला ठेवणार, नाहीतर विकणार," म्हणाले.

शर्यत सुटली आणि हौसेनं आणलेला बँडही सुरू झाला. वर्षानुवर्षं वराती केलेल्या घोड्या पळायचं सोडून जागेवरच नाचू लागल्या, त्यांचीही.

"अरे, बँड बंद करा!" ते ओरडले.

"बाबा, नवरदेव कुठाय?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

ते मला हळूच म्हणाले, "पळायला मीच शिकवलं रे तिला. पोटासाठी नाचायलाही मीच." मग शालीची घडी घालू लागले, कडेला कड जुळवून.

परवा तबेल्यात कळलं. पोरानं घोडी विकली, वसईच्या एका बँडवाल्यानं नेली. तिला बघायला ते अनोळखी लोकांच्या वराती शोधत जायचे. अशाच एका वरातीमागून चालताना रस्त्यात कोसळले आणि गेले.