उतारावरची रांगोळी

‘उचलू नका, उतार बांधा’ हे माझं भाषण मुळशीतल्या बऱ्याच गावांना आता पाठ झालंय. मी स्वतः व्हीलचेअर वापरतो आणि अपंगांच्या हक्कांसाठी गावोगाव बोलतो. पण घरातला पहिला पदवीधर झालो तो इतरांच्या पाठीवर बसून. शाळेत मित्रांनी उचललं, कॉलेजात शिपाईमामांनी. त्यामुळे कुणी हात पुढे केला की तोंडून आधी आभार बाहेर पडतात, हक्क मागाहून आठवतात.

रिह्याच्या खोऱ्यातल्या एका ग्रामपंचायतीनं कार्यालयाच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधला आणि उद्घाटनाला मला बोलावलं. त्याच दिवशी ग्रामसभा होती. वाडीतला काँक्रीटचा रस्ता कुठवर न्यायचा ते तिथं ठरणार होतं. व्हीलचेअरवरच्या एका बाईंच्या घराअलीकडेच तो थांबवायचा विचार होता. आजवर त्यांच्या वतीनं दीरच मान डोलवायचे. आज त्या स्वतः येणार होत्या.

पोचलो तर उतारभर रांगोळी, वरच्या टोकाला फीत, आणि ती कापणाऱ्या प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही.

“सर, पाहुणे येस्तवर चाक नको त्यावर,” सरपंच म्हणाले. “पोरी सकाळधरनं राबल्यात. आमी उचलतो की तुमाला.”

मी “कशाला त्रास” एवढंच म्हटलं. चौघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून ओसरीत नेलं. मी चौघांचेही आभार मानले. मांडीवर नारळ आला. व्हीलचेअर खालीच राहिली.

आत सभा सुरू झाली, तेवढ्यात बाई आल्या. तेच चौघे पुढे सरसावले.

“हात लावायचा न्हाई,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, “सर, तुमी कसं चढला?”

“उचललं,” मी म्हणालो.

“मंग उतार काय कोंबड्यांसाठी बांधलाय?”

त्या रांगोळीवरून सरळ वर आल्या. फीत गुडघ्यांना अडकून सुटली. चाकांचे गुलाबी पट्टे ओसरीतून थेट सभेत गेले. चौघेही मागोमाग मजा बघायला आत गेले.

मी खुर्चीत बसून ऐकत होतो.

“वैनी, आपलं ठरलंय ना?” दिरांचा आवाज.

“तुमचं ठरलंय. पावसाळाभर चिखलात मी रुतते. रस्ता माझ्या दारापत्तुर पायजे.”

बराच गलका झाला. मग सरपंच म्हणाले, “लिवा. दारापत्तुर.”

मी जोरात टाळ्या वाजवल्या. नारळ मांडीवरून सुटला, उतारावरून गडगडत गेला आणि खाली माझ्या व्हीलचेअरला टेकला. त्याच्यामागून जायला मला पुन्हा तेच चौघे हवे होते.