देवाच्या झाडावर टॉवेल

मित्रहो, आज लय डोकं फिरलं. मी इकडं मंडल्यात गाडी चालवतो. आज अकोल्याचे एक काका बसले होते. आपलं वऱ्हाड अन् मंडला इंग्रजायच्या राज्यात एकाच प्रांतात कसे होते, हे त्यायनं रस्ताभर ऐकवलं.

गोंडायच्या देवाजवळ, साजाच्या मोठ्या झाडाखाली आमी उतरलो.

"अन् मंदिर कुठी हाय?"

"हे झाडच, काका. यात बडादेव रायते."

"मस्करी करून राहिला काय बे?" म्हणत त्यायनं नर्मदेत भिजलेला टॉवेल फांदीवर वाळत टाकला. इतिहास तोंडपाठ, समोरचा देव दिसत नाही.

म्हाताऱ्या पुजाऱ्यानं टॉवेल काढला, घडी करून काकाले दिला, अन् मले म्हणाला, "बेटा, अब किसी को मत लाना."

तीन वर्षांत इथं मले बेटा म्हणणारा हा एकच माणूस. उद्या त्याच्याकडं कोणत्या तोंडानं जाऊ, सांगा.