मागून न मिळालेली फांदी

गोदाअक्का रोज सकाळी तोंड धुण्याआधी त्या झाडाचं पान दाबून बघायच्या, नुकत्याच निजलेल्या पोराचा गाल दाबावा तितक्या हळू. पान टणक लागलं की म्हणायच्या, "प्वाट भरल्यालं हाय," आणि पाण्याचा तांब्या तसाच आत न्यायच्या. पान मऊ पडलं, सुरकुतलं, तरच बुडाशी थोडं पाणी पडायचं. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये कमरेइतकी भिंत होती. माझ्या मोगऱ्याला पाणी घालता घालता मी हे सगळं बघत असे. खरं म्हणजे बघत नसे, जळत असे.

पाथर्डीत मी तेव्हा शाळेत शिकवत होते. अक्का मूळच्या खर्ड्याकडच्या, त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर. नगरहून आलेल्या गाडीत कुणीतरी वनस्पती तुपाच्या डब्यात लावलेलं हे झाड विसरून गेलं. डेपोत ते बरेच दिवस पडून राहिलं. न्यायला कुणी येईना, तेव्हा साहेबांना विचारून त्यांनी ते घरी आणलं. जाड, रसरशीत पानं, कडेला तांबूस झाक. असलं झाड गावात कुणी पाहिलेलं नव्हतं.

त्याआधी गल्लीतल्या बायका माझा गुलाब बघायला यायच्या. आता त्या माझ्या दारावरून सरळ पुढे जायला लागल्या. वैद्यबुवा म्हणाले, कोरफडीची जात आहे. आमचे हेडमास्तर म्हणाले, निवडुंग. माझा भाऊ नगरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होता. तो सुटीत आला तेव्हा मी त्याला मोठ्या तोऱ्यात भिंतीपाशी नेलं. त्याने एक लांबलचक नाव सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते बदललं.

"नाव कशाला पायजे, बाई?" अक्का म्हणाल्या. "हाक मारली की येनार हाय व्हय ते?"

जमलेल्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही. भाऊ माझा होता.

अक्कांचा हात सढळ. शिंप्याच्या बायकोने मागितली, तिला फांदी दिली. पोस्टमनच्या आईला दिली. दोघींनी ती तुळशीशेजारी लावून रोज आंघोळीनंतर तांब्याभर पाणी घातलं, आणि दोन्ही फांद्या कुजल्या. अक्कांना त्याचं कारण वेगळंच वाटायचं. "दिल्यालं झाड लागत न्हाई. झाड चोरूनच आनावं लागतंय." असलं आमच्याकडे सगळ्याच बायका बोलतात, मी ते कानाआड केलं.

शेवटी मान बाजूला ठेवून मीही मागितली. "अक्का, मला एक फांदी द्या की."

"न्हाई बाई. तुमाला न्हाई द्यायची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साऱ्या गल्लीला द्यायची आणि भिंतीला भिंत असलेल्या मला नाही? त्यात त्यांची नवी तऱ्हा सुरू झाली. मी अंगणात दिसले की त्या डबा भिंतीवर उन्हाला ठेवायच्या, "चा उतू जाईल, आलेच मी," म्हणत आत जायच्या आणि लवकर बाहेर यायच्या नाहीत. मला चिडवायलाच हे चाललंय, याबद्दल माझी खात्री होती.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. आड आटला. प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे गुलाबाला कोण विचारतो? गुलाब गेला, मोगराही गेला. भिंतीवरचा डबा मात्र हिरवागार. ते झाड एकदा तरी वाळलेलं दिसावं, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

वर्षभरात त्यांच्या यजमानांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं, तेवढा डबा भिंतीवर राहिला. मी निरोपाला भिंतीपाशी गेले, तर अक्का म्हणाल्या, "चा उतू जाईल बाई, आलेच मी," आणि आत गेल्या.

चूल निघाली होती. भांडी ट्रकमध्ये होती. आत रिकाम्या भिंतींशिवाय काही नव्हतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस त्या कशासाठी आत जात होत्या, ते कळलं आणि डोळे भरून आले. मी एक फांदी मोडली आणि पदराआड धरली.

अक्का बाहेर आल्या. मोडलेल्या जागी पाण्याचा थेंब आला होता. त्यांनी तो बघितला, माझा पदरही बघितला.

"कुनीतरी चोरलं वाटतं," त्या म्हणाल्या. "रोज पानी घालनारी नसली म्हंजी झालं." डबा कडेवर घेऊन त्या ट्रकमध्ये चढल्या.

रोज पाणी घालायचं नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. इतकी वर्षं जळत जळत दुसरं काय बघितलं होतं? फांदी लागली, फोफावली. आता बायका माझ्या भिंतीशी थांबतात. ज्यांना ती नुसती मिरवायला हवी असते, त्यांना मी लगेच देते. एखादी मात्र रोज टक लावून बघते, तिला मी नाही म्हणते आणि चहा बघायला आत जाते.

अक्कांची पुन्हा भेट झाली नाही. पण त्या नव्या गावातही भिंतीवर डबा ठेवून कुणासाठी तरी आत जाऊन बसल्या असतील, हे मनात आलं की अजून माझ्या पोटात दुखतं.