एक घर पुढचं पान

गवत संशोधन केंद्रात टाकीवाल्या मावशींनी एकोणीस वर्षं एकच काम केलं. रानगवताची रोपं पंधरा दिवस पाण्याखाली बुडवून ठेवायची, मग पाणी सोडायचं आणि कोण जगलं, कोण मेलं ते वहीत लिहायचं. पार कुजलेलं दिसणारं रोप बुडाशी चिमटीत धरून त्या सांगत, हे उठेल. आणि ते उठायचं.

तिथे पीएच.डी. करणारी एक मुलगी आली. पुरात तग धरणारं ओढ्यातलं गवत आणि पाण्यात लगेच सडणारं माळावरचं गवत यांच्या संकरातून तिने दोनशे रोपं वाढवली. जी जगतील त्यांच्यात सारखं काय आहे ते पाहून तग धरवणाऱ्या जनुकाची जागा तिला शोधायची होती. पहिल्या छोट्या चाचणीतच मावशींचे आकडे तिला पटेनात. चहाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत ती केंद्राच्या साहेबांना म्हणाली, "मावशींचे डोळे गेलेत. आता कॅमेरा लावू या."

साहेब हसले, म्हणून बाकीचेही हसले. मावशी कप विसळत राहिल्या; पण तेव्हापासून त्या मुलीला पाण्यात पाहू लागल्या.

आठवड्याने मुलगी डीएनए तपासणीसाठी पानं तोडून क्रमांक घातलेल्या पाकिटांत भरत होती. फोनवर बोलता बोलता पाचवी कुंडी राहिली. पाचव्या पाकिटात सहाव्या कुंडीचं पान गेलं, सहाव्यात सातव्याचं, असं थेट शेवटपर्यंत. शेवटचं पाकीट रिकामं उरलं, तेव्हा शेवटच्याच रोपाचं आणखी एक पान तिने त्यात टाकलं. मावशी दोन हातांवर नळी गुंडाळत उभ्या होत्या. त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

नंतर कॅमेऱ्याचे आकडे मावशींच्या वहीशी तंतोतंत जुळले. मुलीने ते कुणाला सांगितलं नाही.

दीड वर्ष गेलं. जनुकाचा मागमूस लागेना. साहेब तिला बैठकीत नावं ठेवू लागले. शेवटी ती टाकीपाशी आली आणि मावशींना विचारू लागली, पानं तोडताना आपलं काही चुकलं होतं का.

"पाचव्या कुंडीचं पान तू घेतलंच नाहीस," मावशी म्हणाल्या. "पुढची सगळी एक घर सरकली."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"माझे डोळे गेलेत ना, पोरी."

मुलीने पळत जाऊन यादी एक घर सरकवली. जनुक लगेच सापडलं, दुसऱ्या गुणसूत्राच्या टोकाशी. पण तेच जनुक दुसऱ्या एका संस्थेने तीन महिन्यांपूर्वी छापलं होतं.

मावशींना सगळं ठाऊक होतं, हे मुलीने साहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी दोघींना समोर उभं केलं. तुम्हाला माहीत होतं का, असं त्यांनी मावशींना विचारलं.

"मला काय कळतंय, साहेब? मी पाणी सोडणारी बाई."

साहेबांना ते पटलं. स्वतःची चूक गरीब बाईवर ढकलतेस, लाज नाही वाटत, असं ते मुलीला म्हणाले. तिने मावशींकडे पाहिलं. मावशी खाली फरशीकडे बघत होत्या.

महिनाअखेर मुलगी केंद्र सोडून गेली. त्या दिवशी घरी सुनेने मावशींना विचारलं, आज एवढा उशीर का झाला.

"एका पोरीचं टेबल रिकामं करायचं होतं," मावशी म्हणाल्या, आणि पोटभर जेवल्या.