थोरल्याचा पाट

बायोकाकीच्या घराला कुलूप लागत नसे. कुलूप होतं, किल्लीसकट कोनाड्यात पडलेलं होतं, पण मला कळायला लागल्यापासून ते दाराला लागलेलं आमच्या आळीत कुणी पाहिलं नव्हतं. लग्नाला जायचं असो, देवाला जायचं असो, नाहीतर नुसती रविवारी संध्याकाळी भाट्याला समुद्राच्या पुळणीवर चक्कर मारायची असो, घरात कुणीतरी मागे राहिलंच पाहिजे असा तिचा दंडक होता. कुणी नवख्याने कारण विचारलं तर म्हणायची, "थोरला आला नि दार बंद दिसलं तर काय म्हणेल तो? आई गेली वाटतं, म्हणेल."

थोरला म्हणजे तिचा सुधाकर. शाळा संपली तशी तो मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागला. मी तेव्हा इतकी लहान होते की त्याचा चेहरा मला आठवत नाही. दगडी गडग्यावर बसून शीळ घालणारा कुणी उंच मुलगा, एवढंच आठवतं. सुरुवातीला त्याची पत्रं यायची, आळीतली पोरं त्यावरची परदेशी तिकिटं मागून न्यायची. मग पत्रं थांबली. जहाजाच्या कंपनीकडून कळलं ते एवढंच, की कुठल्याशा दूरच्या बंदरात तो उतरला आणि जहाज सुटायच्या वेळी परत आला नाही. मेला असं कुणी सांगेना आणि जिवंत आहे असंही सांगेना.

राजिवड्याचे हुसेनचाचा जन्मभर दर्यावर फिरलेले. ते एकदा मासळीबाजारात भेटले तेव्हा बायोकाकीने त्यांना भर बाजारात धरलं. चाचा म्हणाले, "बायो, पोरं उतरतात बंदरावर, कुठेतरी कामाला लागतात. माझा मामू असाच गेला होता. आम्ही सगळ्यांनी आशा सोडली नि एक दिवस दारात उभा." बिचाऱ्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. बायोकाकीने ते पदराला गाठ मारून ठेवलं, आणि त्या दिवसापासून कुलूप कोनाड्यात गेलं. पुढे चाचा मला म्हणायचे, "मी बोललो नसतो तर बरं झालं असतं." पण ते बोलले नसते तर तिने दुसऱ्या कुणाला तरी बोलायला लावलं असतं, असं मला वाटतं.

तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथेच राहिलं. लहानथोर सगळे तिला बायोच म्हणायचे. ठेंगणी, काळीसावळी, खणखणीत आवाजाची. तोंडाने फटकळ, पण कुणाच्या घरी ताप आला की पेजेचं भांडं घेऊन पहिली तीच हजर. मला ती "काय गो वाळक्या शेंगे" अशी हाक मारायची आणि मी चिडले की हातावर खोबऱ्याची वडी ठेवायची. वडी घेतली की मी लगेच चिडणं सोडून देई, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काका कचेरीत कारकून होते. अबोल माणूस, पण फिरण्याचा भारी नाद. रविवार उजाडला की त्यांचे पाय शिवशिवायला लागायचे. कधी मांडवीच्या धक्क्यावर, कधी भाट्याला, आंबे उतरायच्या दिवसांत एसटीने पावसला. बरोबर आळीतली आम्ही चार पोरं असायचोच. बायोकाकी चिवड्याचा डबा घेऊन यायची आणि पुळणीवर गेल्यावर समुद्राकडे पाठ करून बसायची. आम्ही लाटांत नाचायचो आणि ही रस्त्याकडे बघत शेंगा सोलायची. मी एकदा म्हटलं, "काकी, सूर्य बुडतोय, बघ तरी." तर म्हणाली, "पाणी ते पाणी. आपल्या विहिरीत काय कमी हाय?" पण रस्त्यावरून कुणी खांद्याला पिशवी लावलेला तरुण माणूस उतरताना दिसला, की तिचे हात शेंगांवरच थांबायचे. तो जवळ येऊन अनोळखी निघाला की पुन्हा चालू व्हायचे.

आणि घरी असायची नंदा. नंदा ही सुधाकरच्या पाठची. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, शिवणकाम करायची, हसली की एका गालाला खळी पडायची. पहिल्यांदा म्हणे घरी राहायची पाळी ठरलेली होती, एकदा काका, एकदा काकी, एकदा नंदा. पण काकांना फिरल्याशिवाय करमेना आणि काकीला ते रस्ते बघितल्याशिवाय चैन पडेना. हळूहळू पाळी नंदाचीच झाली. तिने तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. परत आलो की ती मशीनवरून उठून आमच्या पायांची वाळू झटकायची आणि विचारायची, "आज काय काय केलंत?" आम्ही सगळं तिखटमीठ लावून सांगायचो.

एकदा काकांनी आरे-वारेला जायला टेम्पो ठरवला. नंदाही येणार होती, कारण घर सांभाळायला शेजारच्या आजी तयार झाल्या होत्या. नंदाने आदल्या दिवशी साडीला खळ घातली, पुऱ्या लाटल्या, आबोलीचा वळेसर केला. टेम्पोत माझ्या शेजारी येऊन बसली. तेवढ्यात आजींची सून सांगत आली, की सासूबाईंना हुडहुडी भरून ताप चढलाय. बायोकाकीने नंदाकडे नुसतं बघितलं. नंदा उतरली, वळेसर काढून माझ्या केसांत माळला, आणि म्हणाली, "पुऱ्या वरच्या डब्यात आहेत हां." टेम्पो निघाल्यावर काकी कुणी न विचारताच बोलली, "नंदाला काय, पुढल्या टायमाला येईल." काका त्या दिवशी पुळणीवर एकटेच लांबवर चालत गेले. नंदासाठी आम्ही ओंजळभर शिंपले आणले. ते तिने धुऊन मशीनच्या खणात ठेवले.

हे सगळं असलं तरी आळीतली कोजागिरी बायोकाकीच्याच खळ्यात व्हायची. पाऊस सरला की ती पदर खोचून अंगणाचं खळं करायला घ्यायची. माती टाकायची, चोपण्याने चोप चोप चोपायची, शेणाने सारवायची. आळीतले पुरुष मांडवाच्या मेढी पुरायला यायचे आणि तिच्या शिव्या खाऊन जायचे. पुनवेच्या सकाळी दाराला नव्या भाताच्या लोंब्या बांधल्या की ती घरोघर जाऊन बजावायची, "दुधाला या. नि घरचा थोरला घेऊन या, विसरू नका." दूध ज्याने त्याने आणायचं, पण आटवायचं तिनेच. तीन दगडांच्या चुलीवर मोठा टोप, त्यात वेलची, जायफळ. दुसऱ्या कुणी डाव हातात घेतलेला तिला खपत नसे. पोरं दुधासाठी भुणभुण करायला लागली की म्हणायची, "चंद्राला घाई नाय, तुलाच कसली रे मेल्या?" चंद्र माडांच्या वर येईपर्यंत नारळाच्या पाण्यात भिजवलेले पोहे, भेंड्या, फुगड्या. इतकं हसू आमच्या आळीत वर्षभरात दुसऱ्या कुठल्या दिवशी होत नसे.

मग ओवाळणं. कोजागिरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. आमच्या आळीत सगळ्या घरचे थोरले एका ओळीत पाटावर बसायचे आणि ज्याची त्याची आई त्याला ओवाळायची. मी आमच्या घरची थोरली, त्यामुळे मी दरवर्षी त्या ओळीत. माझ्या शेजारचा पाट सुधाकरचा. त्याच्याभोवती सगळ्यांत सुंदर रांगोळी, आणि पाट रिकामा. बायोकाकी त्याच्यासमोर बसायची, अक्षता टाकायची, सुपारी आणि अंगठी ओवाळायची, निरांजन ओवाळायची. जिथे त्याचं कपाळ आलं असतं तिथपर्यंत हात उंच न्यायची. लहान होते तेव्हा मला त्याची मजा वाटे. मोठी झाले तशी भीती वाटायला लागली, आणि मग नुसतं वाईट. नंदा तेवढा वेळ तबक धरून मागे उभी असायची. तेल तीच घालायची, वात तीच पुढे सारायची.

एका वर्षी आईला राहवलं नाही. आई म्हणाली, "बायो, ह्या वर्षी नंदाला बसव. पोरीच्या जातीने किती वर्षं नुसतं तबक धरायचं?" बायोकाकी केवढ्याने उसळली. "थोरला असताना धाकटीला ओवाळू? म्हणजे माझ्याच हाताने त्याला मारू मी?" नंदाच म्हणाली, "काकू, जाऊ दे. मला कुठे हौस आहे." पण वात तिने उगाचच दोनदा पुढे सारली, हे मी पाटावर बसल्याबसल्या बघितलं.

पुढच्या वर्षी भाद्रपदात नंदाला चिपळूणचं स्थळ आलं. शाळामास्तर, शांत स्वभावाचा. हुंडा नको म्हणाला. पाहून गेला आणि दोन दिवसांत होकार आला. आम्ही सगळ्या हरखून गेलो आणि नंदाने नकार दिला. मी तिला परसात गाठून विचारलं, "आवडला नाही का तो तुला?" तिने बादलीतलं एक लुगडं पिळलं. मग म्हणाली, "आवडला गं. पण मी गेल्यावर घरात कोण राहील?" एवढं बोलून ती कपडे वाळत घालायला लागली. मला तिचा राग आला, काकीचा आला, आणि ज्याचा चेहरा मला आठवत नव्हता त्या सुधाकरचा सगळ्यांत जास्त आला.

त्या संध्याकाळी काका बोलले. जन्मात कधी आवाज न चढवणारे काका इतक्या मोठ्याने बोलले, की आमच्या पडवीत ऐकू आलं. "एक पोर दर्याने नेलं, नि दुसरं तू ह्या दारात पुरलंस." दुसऱ्या दिवशी बायोकाकी आमच्याकडे विरजण मागायला आली. वाटी घेतली, उंबऱ्यात थांबली आणि आईला म्हणाली, "मी वाईट हाय का गो?" आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

कोजागिरी आली. खळं झालं, मांडव झाला, टोप चढला. बायोकाकी त्या दिवशी कुणावर ओरडली नाही, आणि पोरांना ते विचित्र वाटलं. चंद्र वर आला. पाट मांडले, आम्ही बसलो. माझ्या शेजारच्या पाटाभोवती नेहमीसारखीच रांगोळी होती. बायोकाकी त्याच्यासमोर आली आणि मागे न बघता म्हणाली, "नंदे, तबक दे नि बस."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग फुगड्या घालणाऱ्या मुली थांबल्या. नंदाने तबक घट्ट धरून ठेवलं. ती म्हणाली, "नको आई. दादा येईल." त्या घरात दादा येईल असं नंदाच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ती कित्येक वर्षांपूर्वीच काय ते समजून चुकली होती, आणि आता आईसाठी खोटं बोलत होती. बायोकाकीने तिच्या हातातलं तबक घेतलं, दंडाला धरून तिला पाटावर बसवलं, आणि ओवाळायला सुरुवात केली. अक्षता टाकल्या. सुपारी ओवाळली, अंगठी ओवाळली. निरांजन उचललं तेव्हा तिचा हात सवयीने उंच गेला, सुधाकरच्या कपाळापर्यंत. तिथे तो थांबला. मग ती तो सावकाश खाली आणत नंदाच्या कपाळाशी घेऊन आली. ओवाळून झाल्यावर तिने तबक खाली ठेवलं आणि तिथेच, सारवलेल्या खळ्यात, छाती बडवून हंबरडा फोडला. "माजा सुधा गेला गो," एवढंच पुन्हा पुन्हा. बायका धावल्या. आलेली माणसं खाली माना घालून बसली. दूध टोपात तसंच राहिलं आणि त्यावर जाड साय धरली.

पुढचं थोडक्यात सांगते. मार्गशीर्षात नंदाचं लग्न त्याच मास्तरांशी झालं, ती चिपळूणला गेली आणि सुखात राहिली. बायोकाकीने पुन्हा कोजागिरी केली नाही. दोनेक पावसाळ्यांनंतर ती गेली आणि काकाही फार दिवस मागे राहिले नाहीत. पण तिची आठवण आली, की मला यांतलं काही आठवत नाही. आठवते ती कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

उजाडता उजाडता मी पाणी भरायला विहिरीवर गेले, तर बायोकाकी लुगड्यानिशी कठड्याजवळ बसली होती आणि काका तिच्या डोक्यावर कळशी ओतत होते. मग तिने त्यांच्या डोक्यावर ओतली. मग नंदाला बोलावून तिच्या. लांब कुणी गेल्याची बातमी कळली की आमच्याकडे अशी आंघोळ करतात. मी धावत घरी येऊन आईला सांगितलं. आईने लगेच आमच्या चुलीवर भात टाकला, कारण सुतकाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. भात आणि पिठलं झाकून आम्ही दोघी घेऊन गेलो. ओल्या केसांनी तिघं भिंतीला टेकून बसली होती. आईने पानं मांडली तसं बायोकाकीने एक पान पुढे ओढलं, त्यावर स्वतःच्या हाताने भात वाढला आणि ते नंदापुढे सरकवलं.

"तू आधी जेव गो," ती म्हणाली. "आता तूच थोरली."